वाटणीत मंदाकडे राहिलेला टीव्ही

राज्याची वाटणी झाली तेव्हा महिपतराव छत्तीसगडच्या वाट्याला गेले. भावाभावांच्या वाटणीत पलंग, पातेली, शिवणयंत्र असं काय काय इकडचं तिकडे होतं, तसे त्या वेळी सरकारचे कारकून, ओव्हरसियर आणि नकाशे काढणारे लोक इकडचे तिकडे झाले. महिपतराव पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात घर, सायकलीच्या टप्प्यात ऑफिस, असं त्यांचं चाललेलं होतं. पण खात्यात ते कनिष्ठ होते आणि पलीकडे पाठवायला कनिष्ठच लोक पहिले निवडले गेले. त्यांनी अर्ज केले, भोपाळला खेपा घातल्या, वडील अंथरुणाला खिळलेत असं डॉक्टरकडून लिहून घेतलं. पण त्या दिवसांत यादीतल्या प्रत्येकाच्याच घरी कोणी ना कोणी आजारी निघत होतं. हुकूम आला तो थेट जगदलपूरचा. दीड दिवसाची रेल्वे आणि पुढे रात्रभर बस.

त्यांचे वडील जयसिंहराव यांना घरात सगळे आबा म्हणत. घराणं दक्षिणेतून फौजेबरोबर आलेलं, पण आबांच्या पिढीला तलवार फक्त दसऱ्याला पुसण्यापुरती उरली होती. ते गिरणीत जमादार होते, गिरणी बंद पडल्यावर घरी बसले आणि वाटणीच्या आदल्या वर्षी त्यांचं उजवं अंग गेलं. वाचाही गेली. एक ‘हां’ आणि एक ‘नको’ एवढे दोन शब्द उरले, आणि तेही कधी कधी अदलाबदल होऊन बाहेर पडत.

मंदा, महिपतरावांची बायको, पाटणकर बाजारात लीलाताईंच्या दुकानात ब्लाउज शिवायची. बाही बसवावी तर मंदानं, असं गिऱ्हाइकं म्हणत. पगार बेताचाच होता, पण तिला तो रस्ता आवडायचा. घराचा उभा जिना उतरला की गल्ली, गल्लीच्या तोंडाशी टेम्पोंचा गलका, मग बाजार. दुकानात दुपारचा चहा आणि लीलाताईंच्या गप्पा. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल विचारणारे लोकही त्या रस्त्यावर भेटत, पण ती चालत पुढे जायची.

महिपतराव जायच्या आधी त्यांनी टीव्ही घेतला. रंगीत, मोठ्या पडद्याचा. पडाव भागातल्या दुकानातून टेम्पोत आडवा घालून आणला, जिन्यावरून चौघांनी चढवला, आणि दुसऱ्याच दिवशी केबलवाला वायर ओढून गेला.

“आबांना सोबत होईल,” महिपतराव म्हणाले. मग रिमोटचं प्लॅस्टिक काढता काढता, तिच्याकडे न बघता म्हणाले, “तुलाही.”

आबांनी त्या टीव्हीकडे कधी पाहिलं नाही. त्यांची खाट टीव्हीसमोर लावली तर ते मान वळवून भिंतीकडे बघत. शेवटी खाट खिडकीशी नेली.

सुरुवातीला मंदाला वाटलं, दुपारी आबा झोपतात तेव्हा दोन तास दुकानात जाऊन येता येईल. आठवडाभर ती गेलीही. आबांना जेवू घालायचं, बाहेरून कडी लावायची आणि जायचं. एका दुपारी परत आली तर आबा दाराशी जमिनीवर पडलेले, कपाळ फुटलेलं, आणि डावा हात दारावर. किती वेळ वाजवत होते कोण जाणे. टाके पडले. त्यानंतर ती नजरेआड झाली की ते रडायला लागत. मोठ्या माणसाचं तसलं रडणं तिनं आधी कधी ऐकलं नव्हतं. लीलाताईंना तिनं निरोप पाठवला की आता जमणार नाही.

मग टीव्ही उरला.

सकाळी आबांचं अंग पुसताना प्रवचन चालू असे. स्वयंपाकाच्या वेळी शेतीचा कार्यक्रम. तिचं शेत नव्हतं, पण सोयाबीनवर कोणती कीड पडते हे तिला कळू लागलं. दुपारी शेअरबाजार, मग जुने सिनेमे, मग ओव्हनमध्ये केक करून दाखवणाऱ्या बायका. संध्याकाळपासून मालिका. त्यातल्या श्रीमंत घरात सुना झोपतानाही दागिने घालत. मंदा त्यांच्या ब्लाउजकडे बघायची. एकीच्या पाठीवर टाचणी लावून ब्लाउज आत घेतलाय हे तिला लगेच दिसलं आणि ती मोठ्यानं म्हणाली, “फिटिंग कुणी केलंय गं तुझं?” मग आपला आवाज ऐकून गप्प बसली. दिवसभरात तोंड उघडायची ती पहिलीच वेळ होती.

गल्लीत दिवसभर टीव्ही चालणारं तिचं एकटीचंच घर नव्हतं. ज्या घरातली माणसं कामावर जात, तिथला टीव्ही दिवेलागणीनंतर लागे. गिरणीतून घरी बसलेल्यांचा सकाळीच लागे. समोरचे बंद गिरणीतले दोघे भाऊ तर दात घासतानाही क्रिकेट बघत, जुनी मॅच असली तरी. मंदा जिन्यात उभी राहिली की तिला आवाजावरून कळे कोणाला काम आहे आणि कोणाला नाही.

हिवाळ्यात मेळा, म्हणजे ग्वाल्हेरची मोठी जत्रा, भरला. दुकानात असताना दर वर्षी लीलाताई सगळ्यांना एक संध्याकाळ मेळ्यात नेत. त्या वर्षी मंदानं मेळा गावच्या केबलवरच्या बातम्यांत पाहिला. पाळणा फिरत होता, सॉफ्टी आइस्क्रीमच्या गाड्यांभोवती गर्दी होती, आणि त्या गर्दीत क्षणभर लीलाताई दिसल्यासारख्या वाटल्या. ती पडद्याच्या अगदी जवळ गेली, पण तोवर साबणाची जाहिरात लागली. मेळा ऑटोनं जाण्याइतका जवळ होता. खिडकी उघडी ठेवली तर भोंग्याचा आवाजही यायचा.

आणि मग वीज जायला लागली. वीजघरं वाटणीत पलीकडे गेली, इकडे फक्त तारा राहिल्या, असं गल्लीतले लोक म्हणत. खरंखोटं मंदाला माहीत नव्हतं. एवढं मात्र खरं की दुपारच्या दुपार लाइट नसे. पडदा ‘टप्’ करून काळा झाला की घर एकदम ऐकू येऊ लागे. आबांचा घरघरता श्वास, मोरीत ठिबकणारा नळ, बाजारातून येणारी माणसांची बोलणी. अशा वेळी ती खोलीच्या मधोमध उभी राहायची. काय करावं हेच सुचायचं नाही. हातात चार गोष्टी घ्यायची आणि खाली ठेवायची. समोरच्या घरातून एक भाऊ ओरडायचा, “भाभीजी, आपके यहाँ भी गई?” ती म्हणायची, “हाँ, गई.” तेवढंच बोलणं.

महिपतराव रविवारी शेजारच्या फोनवर फोन करत. आबा कसे आहेत, पैसे पोचले का, जेवलीस का. ती हो म्हणायची. बदलीचं विचारलं की म्हणायचे, “बघतोय. वरती बोलणं चालू आहे.”

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीला उषाताई आल्या. उषाताई म्हणजे महिपतरावांची थोरली बहीण. इंदूरला शाळेत उपमुख्याध्यापिका, यजमान बँकेत, दारात गाडी. वर्षातून एकदा वडिलांना बघायला येत, तेव्हा आबांसाठी मऊ बंड्या आणि मंदासाठी साडी आणत. मनानं चांगल्या, पण त्यांना कुठलीही गोष्ट बघितली की सुधारावीशी वाटे.

पहिल्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मंदा टीव्हीसमोर बसून मटार सोलत होती. उषाताईंनी उठून टीव्ही बंद केला.

“मंदा, हे काय लावून घेतलंयस गं मागे? कालपासून बघतेय मी. सकाळी उठल्यापासून चालू. आमच्याकडे अर्धा तास बातम्या, की बंद. माणसानं काही वाचावं, काही शिकावं. भजनी मंडळ आहे, महिला मंडळ आहे.”

मंदानं मटाराची परात बाजूला ठेवली. “वन्सं, महिला मंडळ इथं घरात येत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे ते मंडळात असतं. आणि मी इथं असते.”

उषाताई जरा थबकल्या. मंदानं आजवर त्यांना असं उत्तर दिलं नव्हतं. मंदाही स्वतःच्या बोलण्यानं दचकली होती, पण आता थांबली तर पुन्हा बोलता येणार नाही हे तिला कळत होतं.

“तुम्हाला सुट्ट्या आहेत ना अजून? मग राहा तुम्ही आबांजवळ. मी ह्यांच्याकडे जाऊन येते. दोन वर्षं झाली, ते कुठं राहतात तेसुद्धा पाहिलेलं नाही मी.”

“अगं, पण मला त्यांचं सगळं…” उषाताईंनी खाटेकडे पाहिलं. आबा त्यांच्याकडेच बघत होते. “बरं,” त्या म्हणाल्या. “जा. मी काय परकी आहे का?”

दोन दिवस मंदानं त्यांना सगळं दाखवलं. पेज किती पातळ, कूस कशी बदलायची, ‘हां’ म्हणाले तरी चेहरा बघून मग ठरवायचं. मग ती निघाली. पहाटे ऑटोत बसली तेव्हा वर खिडकीतून आबांचं रडणं ऐकू आलं. ऑटोवाल्यानं विचारलं, “रुकें क्या, बहनजी?” ती म्हणाली, “नहीं, चलिए.”

गाडीत तिनं सगळा वेळ बाहेर बघितलं. शेतं, पाण्याच्या टाक्या, रुळालगत मुकाट उभे राहिलेले बैल. समोरच्या बाईशी ती भोपाळपासून नागपूरपर्यंत बोलत होती, घसा बसेपर्यंत. टीव्हीची आठवणसुद्धा झाली नाही. हे तिच्या लक्षात आलं ते रायपूरला बसमध्ये बसल्यावर, आणि तिला ते विलक्षण वाटलं. दोन वर्षं सोडता न आलेली वस्तू अशी सुटते?

महिपतराव स्टँडवर न्यायला आले होते. जरा जाड झाले होते. एक खोली, पुढे छोटा ओटा, मागे पेरूचं झाड. खोली नीटनेटकी होती. आणि कोपऱ्यात स्टुलावर एक लहान टीव्ही होता.

संध्याकाळी तिनं भाकरी केली. ती ताट वाढत होती तोवर महिपतरावांनी टीव्ही लावला. तीच मालिका. तेच श्रीमंतांचं घर, त्याच दागिने घालून झोपणाऱ्या सुना.

“तुम्ही बघता हे?” तिनं विचारलं.

“रोज. इथं संध्याकाळी काय करायचं? ती धाकटी आता घर सोडणार बघ.”

“नाही सोडणार. तिची आई येणार आहे मध्ये.”

“तुला कसं माहीत?”

“सोमवारी दाखवलं ना.”

“सोमवारी मी दौऱ्यावर होतो,” ते म्हणाले, आणि मग तिनं त्यांना सोमवारचं सगळं सांगितलं. दोघं जेवत होते, पडद्याकडे बघत होते आणि बोलत होते. दोन वर्षांत एवढं बोलणं झालं नव्हतं. मालिका संपली तसं बोलणंही संपलं. मग लाइट जाईल म्हणून मंदानं सवयीनं मेणबत्ती शोधली. महिपतराव हसले. “इथं जात नाही लाइट.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या ऑफिसातला गोविंद भेटायला आला. तोही वाटणीत आलेला, मूळचा उज्जैनचा. ओट्यावर बसून चहा घेता घेता म्हणाला, “वहिनी, आता इथंच राहा. भाऊंनी तर परत जायचं सोडूनच दिलंय. त्या मिश्राजींनी किती सांगितलं, आपसी बदली करू, तुम्ही माझ्या जागी, मी तुमच्या जागी, म्हणून. ते ग्वाल्हेरला, घर त्यांचं इथं. जोडी आयती जुळत होती. भाऊच नको म्हणाले.”

महिपतराव कपातल्या चहाकडे बघत राहिले. गोविंदला आपण काय बोललो ते उशिरा कळलं. कप अर्धा ठेवूनच तो उठला.

मंदानं कपबश्या विसळल्या, पालथ्या घातल्या, हात पुसले आणि ओट्यावर येऊन बसली.

“कधीची गोष्ट?”

“झालं वर्ष.”

“वरती बोलणं चालू आहे म्हणत होता तुम्ही.”

“मंदा, इथं मला पुढची जागा मिळतेय. तिकडे तर…” पेरूच्या झाडावर पोपटांचा गलका चालला होता. “खरं सांगू? ते नव्हे कारण. मला आबांकडे बघवत नाही. जमादार होते माझे वडील, फाटकात उभे राहिले की हजार माणूस रांगेत यायचं. ते रडतात ना, ते मला ऐकवत नाही. हुकूम आला तेव्हा मी सगळ्यांसमोर अर्ज केले. पण गाडी सुटली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आता तू काय म्हणायचं ते म्हण.”

मंदाला खूप काही म्हणायचं होतं. ऐकवत तर मलाही नाही. बाप तुमचा आहे. तुम्ही सुटलात ते कुणाच्या जिवावर. पण तोंडून निघालं ते एवढंच, “म्हणून टीव्ही आणलात होय.”

ती ठरल्या दिवसापर्यंत राहिली. त्यांच्या शर्टांची बटणं लावली, बाजारातून पातेलं आणलं. संध्याकाळी ते टीव्ही लावायचे तेव्हा ती ओट्यावर बसायची. धाकटीनं घर सोडलं की नाही, हे तिनं विचारलं नाही.

परत आली तेव्हा दुपार होती. जिना चढतानाच तिला आवाज ऐकू आला. दार लोटलं तर उषाताई तिच्याच जागेवर, भिंतीला पाठ टेकून, मांडीवर ताट घेऊन टीव्ही बघत होत्या. केस विस्कटलेले, साडीला पेज सांडल्याचा डाग. आबा झोपले होते.

उषाताईंनी घाईनं रिमोट शोधला, तो सापडेना.

“असू द्या वन्सं,” मंदा म्हणाली.

“आबा आत्ताच झोपले. म्हटलं जरा…” उषाताईंनी ताट खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “मी चार पुस्तकं आणली होती वाचायला. एक पान होत नाही गं. डोकं लागतच नाही. मध्येच उठावं लागतं, मध्येच ते हाक मारतात. आणि नाही मारली तर जास्तच भीती वाटते. काल लाइट गेली तेव्हा मी घाबरून समोरच्यांना हाक मारली.” त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. “महिपत काय म्हणाला? कधी येतोय?”

“येणार नाहीत.”

मंदानं मिश्राजींचं सांगितलं, ओट्यावरचंही सांगितलं. उषाताई म्हणाल्या, “मी बोलते त्याच्याशी. चांगली खडसावते.”

“नका बोलू. ओढून आणलेलं माणूस खिडकीशी आणखी एक खाट टाकून बसेल. मग मी दोघांना बघू?”

उषाताई दुसऱ्या दिवशी गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी गल्लीमागच्या वस्तीतली रामकली नावाची बाई ठरवली, दुपारभर आबांजवळ बसायला, आणि तिचा पगार आपण पाठवू म्हणाल्या. मंदा लीलाताईंकडे पुन्हा जाऊ लागली. पहिल्या दिवशी तिच्या हातून बाही उलटी लागली. लीलाताईंनी ती उसवून परत तिच्यापुढे ठेवली. महिन्याभरात हात बसला. त्या काळात दुपारचा टीव्ही बंद असे. रामकलीला तर त्याचा आवाजच सहन होत नसे. ती आबांना आपल्या गावच्या नदीच्या गोष्टी सांगायची आणि आबा ऐकायचेही.

हे सगळं उन्हाळ्यापर्यंत टिकलं. मग रामकलीच्या सुनेचं बाळंतपण आलं आणि ती मोरेन्याकडे आपल्या गावी निघून गेली. दुसरी बाई आबांना चालली नाही, तिसरी टिकली नाही. मंदा पुन्हा घरात बसली. लीलाताई कापलेले ब्लाउज घरी पाठवत, म्हणून टीव्हीसमोर शिवणयंत्र आलं. एवढाच फरक. तीन वर्षं ती यंत्र चालवत आणि मान न वळवता आवाजावरून मालिका बघत राहिली. महिपतराव दिवाळीला येत, दोन दिवस राहत. फोनवर कधी कधी एखाद्या मालिकेचं विचारत. ती सांगायची. रागावून तरी किती दिवस राहणार?

आबा गेले ते एका संध्याकाळी, चमच्यानं पाणी पाजताना. महिपतराव आले, तेरा दिवस राहिले, खाटेची जागा रिकामी झाली तिथं उभे राहून एकदाच रडले. निघताना म्हणाले, “आता तुला इथं काही अडकवत नाही. चल तिकडे.”

“बघते,” ती म्हणाली.

ते गेले आणि मंदा टीव्हीसमोर बसली. दाराला बाहेरून कडी नव्हती, कोणी हाक मारत नव्हतं, जिना होता तिथंच होता. तरी ती उठेना. आज नको, उद्या जाऊ, असं करत दिवस गेले. लीलाताईंनी दोनदा निरोप पाठवला. पूर्वी ती बघत होती कारण जाता येत नव्हतं. आता जाता येत होतं, आणि याचीच तिला धास्ती वाटत होती. बाहेर लोक काय विचारतील, आपल्याला बोलता येईल का, बाजार ओळखीचा राहिला असेल का.

एका दुपारी घरात नव्यानं घेतलेल्या फोनवर उषाताईंचा फोन आला. “काय करतेयस?”

“बघतेय.”

पूर्वीच्या उषाताई असत्या तर बोलल्या असत्या. या वेळी त्यांनी विचारलं, “चांगलं आहे का काही?”

“नाही,” मंदा म्हणाली. आणि तिला रडू आलं. आबा गेले तेव्हाही आलं नव्हतं एवढं. उषाताई फोन धरून राहिल्या. रडणं ओसरल्यावर म्हणाल्या, “मंदा, चपला घाल. फोन नंतर कर मला, खाली जाऊन आल्यावर. नुसती खाली.”

ती जिना उतरली. गल्लीत ऊन होतं. समोरच्या घरातला थोरला भाऊ दारात बसला होता. त्यानं विचारलं, “कहाँ चलीं, भाभीजी?”

“बस, ऐसे ही,” ती म्हणाली, आणि गल्लीच्या तोंडाकडे चालू लागली. टेम्पोंच्या धुरानं खोकला आला. लीलाताईंच्या दुकानाशेजारी मोबाइलचं नवं दुकान झालं होतं, म्हणून ती आधी पुढे निघून गेली आणि परत वळली.

लीलाताईंनी चष्म्यावरून पाहिलं. “आलीस? बस. या बाह्या कालपासून पडल्यात.”

मंदा जगदलपूरला गेली नाही. महिपतराव निवृत्त होऊन ग्वाल्हेरला आले तेव्हा ते दुकान तीच चालवत होती, लीलाताईंची दृष्टी गेली होती. महिपतराव दिवसभर घरात टीव्ही बघतात. संध्याकाळी ती येते, भाकरी टाकते, शेजारी बसते, आणि दिवसभरात मालिकांत काय काय झालं हे ते तिला सांगतात.